अमेरिकेतली मंडई

"बाई, अमेरिकेत काय पाहिलंत?" असं गावात अजूनही कुणी ना कुणी विचारतं. नायगारा पाहिला असेल, उंच इमारती पाहिल्या असतील, अशी त्यांची अपेक्षा. मी म्हणते, "मंडई पाहिली!" विचारणारा हसतो. पण खरंच सांगते, न्यू ऑर्लिन्स शहरात नाताळच्या दिवसांत मला आमच्या झाडीपट्टीची फार आठवण आली.

पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे बरं का! आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे, तिकडे चंद्रपूर-गडचिरोलीतही, दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे एकमेकांकडे जाता येतं. लेकी माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांनी घर भरतं, त्याच गर्दीत एखादी सोयरीकही जुळते. दिवसा गोवारी बांधव वाजतगाजत नाचतात. रात्री दंडार, खडी गंमत, नाही तर नाटक. रात्री सुरू झालेलं नाटक कोंबडं आरवेपर्यंत चालतं आणि गाणारा-वाजवणारा तुमच्या समोर असतो. लहानपणी आम्ही दवनीवाड्याहून बैलगाडीत घोंगडी घेऊन जायचो.

माझी लेक ह्यूस्टनला असते. तिथून न्यू ऑर्लिन्स मोटारीने पाच-सहा तासांवर. नाताळच्या सुटीत जावयांनी नेलं.

तिथे नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी जॅक्सन स्क्वेअरमध्ये लोक मेणबत्त्या घेऊन जमतात आणि नाताळची गाणी म्हणतात. १९४६ पासूनची ही पद्धत. तिकीट नाही, गाणारा आणि ऐकणारा असा भेद नाही. गाण्यांचे कागद वाटतात. तो कागद धरून मीही ओठ हलवले. काकड आरतीचे शब्द येत नसले तरी आपण उभे राहतोच की! आणि नाताळच्या आदल्या रात्री, शहरापासून तासाभराच्या अंतरावर, मिसिसिपीच्या बांधावर लाकडांचे उंच मनोरे रचून पेटवतात. का, तर पापा नोएलला, म्हणजे तिकडच्या नाताळबाबाला, वाट दिसावी म्हणून! आपली होळीच, फक्त थंडीतली.

पण मनात घर केलं ते प्रिझर्वेशन हॉलने. नाव भारदस्त, आत गेलं तर जुनाट भिंतींची एक लहानशी खोली. साधी बाकं, पुढे बसायला उशा. खाणंपिणं काही नाही. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ आपण बसतो. लुई आर्मस्ट्राँग याच शहरात १९०१ साली जन्मले. पण १९५० च्या दशकात नव्या संगीताची लाट आली आणि जुन्या जाझ वादकांना कुणी विचारेना. १९६१ मध्ये ही खोली सुरू झाली. अॅलन आणि सँड्रा जाफी या तरुण जोडप्याने ती नावारूपाला आणली. त्यांनी काय केलं? म्हाताऱ्या वादकांना रोज वाजवायला जागा दिली आणि पैसे दिले. बस्स. काळे-गोरे वेगळे बसत त्या काळात इथे एकत्र बसले, हे आणखी मोठं.

ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने शहर बुडालं. वादक देशभर पांगले. तेव्हा ब्रॅनफोर्ड मार्सालिस आणि हॅरी कॉनिक यांच्या कल्पनेतून 'म्युझिशियन्स व्हिलेज' ही वसाहत उभी राहिली. बहात्तर घरं. वादकाला छप्पर मिळालं तर तो परत येईल, आणि तो आला तरच गाणं येईल, एवढा साधा हिशेब.

आपल्याकडे २०२० मध्ये कोरोनामुळे मंडया थांबल्या. माझा एक विद्यार्थी दंडारीत ढोलकी वाजवतो. त्या वर्षी त्याची ढोलकी खुंटीवरच राहिली. त्याचा मुलगा पुण्याला नोकरीला. हात बापापेक्षा गोड, पण सुटी चार दिवसांची आणि मंडयांचा हंगाम लांब. पुढे ढोलकी कोण वाजवणार? हा प्रश्न त्याला विचारायचं मला धाडस होत नाही.

कौतुक होतं, नाही असं नाही. झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्याच घरात सत्कार असल्यासारखं वाटलं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आणि दंडारीसाठी केवढं काम केलं. वृद्ध कलावंतांना सरकारी मानधनही आहे. पण मानधन म्हातारपणी मिळतं. पंचविशीतल्या पोराने ढोलकी का धरावी, याचं उत्तर त्यात नाही.

ते उत्तर गावानेच द्यायचं आहे, असं मला वाटतं. मंडईच्या वर्गणीत डीजेला हजारो रुपये सहज निघतात. दंडारीच्या वेळी मात्र हात आखडतो. भाव ठरवताना तेवढी घासाघीस केली नाही, तरी एक पोरगा सुटी वाढवून घेईल. कदाचित!

तुम्ही पाहुणे म्हणून आलात तर गाणं मोबाईलमध्ये भरून अर्ध्यातून उठू नका. थंडी वाजते, शाल आणा. पहाटेपर्यंत बसा, आणि उठताना ढोलकीवाल्याच्या हातात काहीतरी ठेवा.