मोरीचे पाणी उचलायचे कोणी?

कोणाच्या घरी गेलो की माझी नजर आधी मोरीच्या मागे जाते. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून इतकी वर्षे काढल्यावर ही खोड जडली आहे. पुढे अंगण कसे स्वच्छ सारवलेले असते. मागे मात्र मोरीच्या नळीखाली हिरवट डबके, त्यावर डास आणि कडेला कोंबड्यांची उकराउकर. उन्हाळ्यात त्याच घरची सून टँकरवरून डोक्यावर दोन हंडे घेऊन येताना दिसते.

आता हिशेब बघा. जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर झाले. पिण्याचे, स्वयंपाकाचे आणि संडासाचे वगळून निम्म्याहून अधिक मोरीतून बाहेर जाते असे धरले, तरी दीडशे लिटर होते. वाढलेल्या केळीला उन्हाळ्यात दिवसाला १५ ते २० लिटर पाणी लागते. म्हणजे आठ-दहा केळी नुसत्या आंघोळीच्या आणि धुण्याच्या पाण्यावर उभ्या राहतील.

हे सारे मी ग्रामसभांतून सांगत आलो आहे. परंतु त्यातली खरी अडचण मला मुंबईत माझ्या धाकट्या बहिणीने सांगितली. ती गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत, नागरी निवारा परिषदेच्या वसाहतीत राहते. सामान्य माणसाला मुंबईत घर मिळावे म्हणून मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारशी झगडून ही वसाहत उभी केली. गोरेगावच्या पाण्यासाठी बायकांना घेऊन महापालिकेशी भांडणाऱ्या त्याच या मृणालताई. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणत. २०१२ साली त्या गेल्या, पण तिथल्या जुन्या बायका अजून त्यांच्या आठवणी काढतात.

माझी बरीच नोकरी शहापूर तालुक्यात झाली. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा देणारे भातसा धरण तिथलेच, आणि १८९२ मध्ये पुरे झालेले तानसाही तिथलेच. धरणे भरलेली असतात, आणि शेजारच्या पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. त्यामुळे मुंबईत कोणी नळ सोडून ठेवला की माझ्या पोटात ढवळते. बहिणीला ते ठाऊक आहे. तिचे घर तळमजल्यावर, खिडकीमागे मातीची अरुंद पट्टी. तीत तिने केळी, अळू आणि एक शेवगा लावला आहे. कपड्यांच्या शेवटच्या खळबळण्याचे पाणी, तांदळाचे धुवण, भाजी धुतलेले पाणी, सारे ती बादलीने तिथे नेई. मी कौतुक केले, तर म्हणाली, “दादा, पाणी वाचतं खरं, पण ते माझ्या कमरेतून वाचतं.”

आपल्या साऱ्या योजनांत हा प्रश्न कोणी विचारत नाही. विहिरीवरून पाणी आणणारी बाई, वापरणारी बाई, आणि वापरून झाल्यावर झाडाला नेऊन घालणारीही बाईच. असे काम पंधरा दिवस चालते आणि मग बंद पडते. त्यात तिचा आळस नसतो. भाच्याने दुसऱ्याच दिवशी मोरीच्या खिडकीतून एक नळी बाहेर काढून दिली. धुण्याचे यंत्र ओट्यावर असल्याने पाणी आपोआप उतरते.

गावात तर हे अधिक सोपे आहे, कारण मागे जागा असते. बादली झाडाकडे नेण्यापेक्षा झाडच पाण्याकडे आणावे. मोरी नव्याने बांधताना तळ जमिनीपेक्षा हातभर उंच घ्या आणि उतार परसाकडे द्या. नळीच्या तोंडाशी एक जुने मडके ठेवा. त्याच्या बुडाला चार-पाच भोके पाडून आत काथ्या किंवा गवताचा पेंढा भरा. केस, शिते, ओशट तिथेच अडकते. पेंढा आठवड्याला बदलायचा आणि जुना उकिरड्यात टाकायचा. हे काम घरातल्या पुरुषाने अंगावर घ्यावे, फार वेळ लागत नाही.

पुढे चर काढून केळी, अळू, कर्दळ, शेवगा, नारळ लावा. कोथिंबीर, मुळा, कांदा यांना मात्र हे पाणी देऊ नये. जे कच्चे खातो त्याला ते चालत नाही. पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर नको. साठवूनही ठेवू नये; दुसऱ्या दिवशी त्याला वास सुटतो. बाळाची दुपटी किंवा आजारी माणसाचे कपडे धुतलेले पाणी झाडांकडे न वळवता शोषखड्ड्यात सोडावे.

साबणाविषयी लोक हमखास विचारतात. धुण्याच्या पावडरीत सोडियम असतो आणि त्याने काळी चिकण जमीन आवळते, वर पांढरट थर येतो. राखेने भांडी घासली तरी खार येतोच. म्हणून पहिले फेसाचे पाणी सोडून द्या, खळबळल्याचे घ्या. चर दोन ठेवा, एक महिना हा आणि एक महिना तो. शेणखताची पाटी अधूनमधून टाकत राहा. पाणी शुद्ध करणारे यंत्र आता खेड्यातही आले आहे. त्यातून बाहेर टाकलेले पाणी खारट असते. ते फरशी पुसायला घ्यावे.

पावसाळ्यात झाडांना हे पाणी नको असते. तेव्हा चराचे तोंड बंद करून ते शोषखड्ड्याकडे वळवा. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेऊन गटारे आणि डास दोन्ही घालवले, ते पाहण्यासारखे आहे. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात दगड-विटांचे तुकडे, वर वाळू. पिण्याच्या विहिरीपासून मात्र तो ५० फूट तरी लांब असावा.

बहिणीच्या केळीला यंदा पहिला घड आला आहे. शेवग्याने अजून फूल धरलेले नाही. त्याला पाणी जास्त होत असावे असा माझा अंदाज आहे, आणि तिला तो मान्य नाही.