काठापासून बोटभर

सम्राट जस्टिनियनच्या युद्धांचा वृत्तान्त लिहिणाऱ्या प्रोकोपियस या सहाव्या शतकातील बायझंटाइन इतिहासकाराने गॉथ लोकांशी झालेल्या लढायांची हकिकत सांगता सांगता मध्येच एक वेगळी गोष्ट नोंदवली असून, तिच्यातील आत्म्यांपेक्षा तिच्यातले एक माप अधिक काळ मनात रुतून राहते. ब्रिटिया नावाच्या बेटासमोरील किनाऱ्यावरचे कोळी फ्रँक राजांची प्रजा असूनही त्यांना खंडणी माफ होती, कारण मृतांचे आत्मे बेटावर पोचवण्याचे काम पाळीपाळीने त्यांच्याकडे येत असे. मध्यरात्री दारावर थाप पडे, अस्पष्ट हाक ऐकू येई, आणि पाळी असलेले लोक उठून किनाऱ्यावर जात, तर तेथे परक्या, रिकाम्या होड्या उभ्या असत. मात्र वल्ही हाती घेताच त्या इतक्या जड होत, की पाणी काठापासून जेमतेम बोटभर खाली राही. एरवी एक रात्र आणि एक दिवस घेणारी वाट तासाभरात सरे. पैलतीरी ओझे उतरले की होड्या हलक्या होऊन वर येत, आणि कोणी दिसत नसताना एक आवाज प्रत्येक उतारूला त्याच्या मानमरातबासह, वडिलांचे नाव लावून पुकारी. स्त्री असेल तर पतीचे नाव लावी.

हा सारा स्वप्नांचा खेळ असावा, असे प्रोकोपियसचे मत होते. तरीही त्याने ते बोटभर अंतर गाळले नाही, आणि लेखक म्हणून त्याचा मोठेपणा तेथेच दिसतो. ग्रीकांचा नावाडी कॅरॉन मृताच्या तोंडातले नाणे घेऊन त्याला पलीकडे सोडतो, पण या जड होड्यांपुढे तो जकात नाक्यावरचा कारकूनच वाटतो. शापित ‘फ्लाइंग डचमन’ जहाजाविषयी बोलायचे, तर १८४३ मध्ये ड्रेस्डेन येथे वागनरचा ऑपेरा रंगभूमीवर आल्यापासून त्यातले संगीत वाढले आणि मीठ कमी झाले. त्यापेक्षा नॉर्स पुराणातले नागल्फार बरे. जगाच्या अंतकाळी सुटणारे हे जहाज मृतांच्या नखांचे बनलेले असते, म्हणून प्रेताची नखे कापूनच निरोप द्यावा, म्हणजे त्याची बांधणी लांबेल, असे तेराव्या शतकातील आइसलँडचा लेखक स्नोरी सांगतो. प्रलयाला नखे कापून थोपवण्याची ही घरगुती युक्ती मोठी लोभस आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र अशी एक आगबोट खरोखरच होऊन गेली आणि तिचे नावच वैतरणा होते. गरुडपुराणात यमलोकाच्या वाटेवर रक्तपुवाने भरलेली वैतरणी नदी लागते आणि ती ओलांडण्यासाठी मृताच्या नावे गाय दान करतात, हे ज्यांना ठाऊक होते अशाच माणसांनी त्या नावाच्या बोटीची तिकिटे काढली असतील. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘विजळी’ म्हणत. १८८५ मध्ये स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे बांधलेली ही बोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईला निघाली, द्वारकेला तिने आणखी उतारू घेतले, पण हवा बिघडल्याने पोरबंदरला ती थांबली नाही. त्यानंतर सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळील वादळात ती सातशे चाळीसहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. फळकूटही हाती लागले नाही. पुढे झालेल्या चौकशीत बोटीवर जीवरक्षणाची साधने अपुरी असल्याचे दिसले, पण दर्यात कोण गेले, हे सांगायला चौकशी पुरी पडत नाही. ते काम गुजराती लोकगीतांनी उचलले. लोकगीतांचे संग्राहक झवेरचंद मेघाणी यांनी ‘रढियाळी रात’ या संग्रहात त्यांतले एक गीत छापले. दंतकथांतून लग्नाची वऱ्हाडे बोटीवर चढली, मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुले चढली, आणि आकडा हजाराच्या पुढे गेला. बुडून झाल्यावरही उतारू चढतच राहिले, असे हे एकमेव जहाज असावे. तिला ‘गुजरातची टायटॅनिक’ म्हणण्याची रीत खटकते ती यामुळेच, कारण टायटॅनिकचा सांगाडा १९८५ मध्ये सापडला. विजळी अजून वाटेतच आहे.

बोटीला कोणती वैतरणा अभिप्रेत होती, पुराणातली की नकाशावरची, हा प्रश्न उरतो. नकाशावरची नदी त्र्यंबकेश्वराजवळच्या डोंगरांत उगम पावते आणि अर्नाळ्याच्या उत्तरेला अरबी समुद्राला मिळते. तिच्यावरचे मोडकसागर धरण १९५० च्या दशकात पुरे झाले, आणि तेव्हापासून तिचे पाणी मोठ्या नळांतून मुंबईत येते. पहाटे चाळीतल्या पिंपात ते पडू लागते, तेव्हा पाणी भरणाऱ्या बाईचे लक्ष पिंपाच्या काठाकडे असते.