मधला कचरा

१९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पाचूबंदरात आमच्या आळीत व्हीसीआर फक्त आमच्याकडे होता. एका वर्षी बोटीचा हंगाम बरा गेला म्हणून पप्पांनी घेतलेला. मोगली हवा तेव्हा बघता यावा म्हणून मी कपाटातली हाताला लागेल ती कॅसेट आत ढकलली आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं.

ती आत्याच्या लग्नाची कॅसेट होती.

तीन तासांची कॅसेट. सहा रविवारांत मी ती जवळजवळ भरून टाकली. घरात कळलं तेव्हा पप्पांनी मला फोडून काढलं. आत्या काहीच बोलली नाही, आणि ते जास्त लागलं.

पण लग्न पूर्ण पुसलं गेलं नव्हतं. दर रविवारी मी आधीचा भाग संपतो त्याच्या जरा पुढून रेकॉर्डिंग सुरू करायचो, चुकून मोगलीवर मोगली नको म्हणून. त्यामुळे दोन भागांच्या मध्ये फटी राहिल्या होत्या. शेरखान डरकाळी फोडून जायचा, पाटी यायची, एक-दोन जाहिराती, मग पडदा थरथरायचा आणि आठ-दहा सेकंद आजोबा दिसायचे. ब्रास बँडसमोर हात वर करून नाचणारे. मागे वलांडीवर बोंबील. दुसऱ्या फटीत ते कुणाला तरी जेवायचा आग्रह करताना. कॅसेटच्या अगदी शेवटी सलग चार मिनिटं: आत्या निघते आहे आणि आजोबा कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे.

आजोबा गेले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांचं हलतं चित्र एवढंच. हळूहळू आमच्याकडे रीतच पडली. भाग संपत आला की आत्या हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. म्हणायची, “आता बाबा येतील.”

पाचूबंदरच्या हवेत काही टिकत नाही. खिळे, पत्रे, रेडिओ, सगळ्याला खारं लागतं. २००७ मध्ये कॅसेटच्या कडेला पांढरी बुरशी दिसली. माझा पहिला पगार झाला होता. मी ती वसईतल्या एका दुकानात डीव्हीडी करायला दिली. दुकानदार म्हणाला, व्हीसीडी स्वस्तात होईल. मी क्वालिटीबद्दल वाचून गेलो होतो. व्हीसीडीच्या चित्रात ३५२ गुणिले २८८ ठिपके, डीव्हीडीच्या ७२० गुणिले ५७६. म्हणजे व्हीसीडीत चित्राचा जेमतेम चौथा हिस्सा. मी ऐटीत सांगितलं, डीव्हीडीच करा. आणि निघताना म्हणालो, “जाहिराती, मुंग्या, मधला कचरा सगळा काढा.”

त्याने सगळा काढला.

डीव्हीडी सुंदर होती. एकामागून एक सहा भाग, मध्ये छान काळा पडदा. शेवटची चार मिनिटंही नव्हती. मी धावत दुकानात गेलो. पण कॅसेट परत नको, बुरशी आहे, टाकून द्या, हेही मीच सांगून आलो होतो. भांडायला तोंडच नव्हतं. कार्टूनच्या कॅसेटमध्ये कुणाचं तरी लग्न, हे त्याने कचऱ्यात धरलं यात त्याचं काय चुकलं? घरी मी सांगितलं, बुरशीने कॅसेट खाल्ली, जेवढं वाचलं तेवढं हे.

त्यानंतर जुन्या कार्टूनच्या डीव्हीडींबद्दल मी वेड्यासारखं वाचत गेलो. तिथेही हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात घडलेली आहे. जुन्या फिल्मवरची धूळ काढणारं सॉफ्टवेअर पुढच्या-मागच्या चित्रांची तुलना करतं. जे एकाच चित्रात दिसतं आणि लगेच नाहीसं होतं, ते धूळ. पण जेरी जिवाच्या आकांताने पळतो तेव्हा त्याच्या शेपटीची रेघही त्या जागी एका चित्रापुरतीच असते. मग तीही पुसली जाते. ‘टॉम अँड जेरी’च्या काही डीव्हीडींवर अशा अर्धवट पुसलेल्या रेघा आहेत. चित्र स्वच्छ, आणि चित्रकाराचा हात गायब.

२०१९ मध्ये ‘द सिम्प्सन्स’चे जुने चौकोनी भाग डिस्ने प्लसवर आले, ते रुंद टीव्हीत बसावेत म्हणून वरून-खालून कापून. एका भागात तीन वेगवेगळ्या नावांच्या बिअर एकाच पाइपातून भरल्या जातात, असा विनोद आहे. पाइप चित्रात वर होता. तो कापला गेला, उरल्या नुसत्या तीन टाक्या. लोकांनी आरडाओरडा केला आणि २०२० मध्ये मूळ चौकट परत मिळाली. ती परत मिळाली, कारण कुणीतरी मूळ प्रत टाकून दिली नव्हती.

मोगलीचंही तसंच. मालिका मुळात जपानी, निप्पॉन ॲनिमेशनची, १९८९ची, ५२ भागांची. आपल्यासाठी मात्र तिचा शेरखान म्हणजे मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा आवाज. मी ज्याच्यासाठी एवढं केलं तो मोगली कधीच हरवणार नव्हता. त्याला जपणारे जगभर होते. आजोबांच्या त्या आठ-दहा सेकंदांना फक्त आमचं कपाट होतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने ‘जंगल बुक’ पुन्हा दाखवलं. बोटी किनाऱ्याला उभ्या, सगळे घरात. आत्या समोरच्याच घरात राहते, ती येऊन बसली. केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात. भाग पूर्ण बघितला. शेवटी नावं सरकायला लागली तरी ती टीव्हीकडेच बघत होती.

“आता बाबा येतील,” ती म्हणाली.

जाहिरात लागली. ती स्वतःशीच हसली आणि चहा ठेवायला उठली. दुकानात मी काय सांगून आलो होतो, ते मी तिला तेव्हाही सांगितलं नाही.