माथेरानच्या तबेल्यात बालमंडळी

माथेरानला मोटारगाडी फक्त दस्तुरी नाक्यापर्यंत. पुढे पायी, छोट्या आगगाडीने, अलीकडे ई-रिक्षाने, नाहीतर घोड्याने जायचे. आगगाडी १९०७ साली आली, घोडा त्याआधीचा. बहुतेक आईबाप फोटोपुरते मुलाला खोगिरावर बसवितात, मूल भोकाड पसरते, की झाले माथेरान!

आमच्या विहाराच्या बालवर्गातील चार ते सात वर्षांची नऊ मुले घेऊन आम्ही गेलो, ते आधी तबेल्यात. तांबडी माती, लिदीचा वास. दोघी मुलींनी नाकाला रुमाल लावला. घोडेवाले मामा म्हणाले, "आधी ओळख करा, मग बसा." घोड्याला अगदी नाकापुढचे आणि थेट मागचे दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे. त्याने कान मागे पाडले तर थांबावे. गाजर द्यायचे ते उघड्या तळहातावर, बोटे न वळविता. खरारा हाती आल्यावर मुलांची भीती पळाली. चंदी, नाल, आयाळ, रिकीब हे शब्द तिथेच तोंडी बसले.

मग स्वारी. डावीकडून चढायचे, टाच खाली, नजर पुढे. लगाम मामांच्या हाती, शेजारी एक पालक. डोक्याला शिरस्त्राण हवेच. ते नसेल तर मुलाला बसवूच नये. एवढ्या वयाला दहा मिनिटे पुरेत. एक पाच वर्षांचा मुलगा बसलाच नाही. घोड्याला बादलीने पाणी पाजण्यात तो खूष होता. आम्हीही आग्रह केला नाही.

कुणी म्हणेल, हे साहेबी चोचले आपल्याला कशाला? सिद्धार्थाचा कंथक आपल्या मुलांना गोष्टीतून ठाऊक असतो. पण घोड्यावर कोणी बसावे हे या देशात जात ठरवीत आली. आपल्या नवरदेवाला वरातीत घोड्यावर बसण्यास अडविणे हा गुन्हा आहे, असे अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहावे लागले. त्यानंतरही, मार्च २०१८ मध्ये गुजरातेत भावनगर जिल्ह्यातील टिंबी गावी घोडा बाळगणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. घोड्यावर बसतो म्हणूनच मारले, असे घरच्यांचे म्हणणे होते. आमच्यासोबतच्या एका आजींनी हे ऐकले आणि नातीला म्हणाल्या, "बस गं, ताठ बस."

जाणाऱ्यांनी कर्जत लोकलने नेरळला उतरावे. पावसाळ्यात वाटा निसरड्या असतात, लहानग्यांना नेऊ नये. शनिवार-रविवार टाळावा, गर्दीच्या दिवशी घोडेही थकलेले असतात आणि मामांना शिकवायला उसंत नसते.