उभ्या गाडीची पारख

जाहिरातीतली एसयूव्ही कधी थांबत नाही. बर्फाचा भुगा उडवत ती डोंगरवाट चढत असते, वळणावर जराशी तिरकी होते, लगेच सावरते. आत बसलेल्यांच्या अंगावर साधा कोटही नसतो. मॉन्ट्रियलमध्ये राहणाऱ्याला हे पाहून हसू येतं. इथे वर्षाला साधारण दोन मीटर बर्फ पडतो आणि त्या दिवसांत गाडी बहुतेक वेळ उभीच असते, रस्त्याच्या कडेला, पुढच्या-मागच्या गाडीला चिकटून, पांढऱ्या ढिगाखाली. निघालीच तर या सिग्नलपासून त्या सिग्नलपर्यंत, आणि तिथे तिला थांबावं लागतं. हिवाळ्याची गाडी घ्यायची तर ती पळते कशी हे नंतर बघावं; आधी थांबते कशी आणि उभी कशी राहते, ते बघावं. माझं हे मत आता चांगलंच पक्कं झालं आहे.

घरात ते लगेच पटलं नाही. साताऱ्याहून आईने फोनवर निकाल देऊन टाकला, "एवढ्या थंडीत गाडी हवीच कशाला? मेट्रो आहे ना?" आहे खरी. १९६६ साली सुरू झालेली मॉन्ट्रियलची मेट्रो सगळीच्या सगळी जमिनीखालून धावते, वर हिमवादळ चालू असलं तरी खाली पत्ता लागत नाही. पण मुलाचं पाळणाघर मेट्रोच्या वाटेवर नाही. नवऱ्याने तर गाड्यांचा तक्ताच मांडला: होंडा सीआर-व्ही, टोयोटा आरएव्ही-४ हायब्रिड, सुबारू फॉरेस्टर आणि तिची धाकटी बहीण क्रॉसट्रेक. पहिला रकाना अर्थात ऑल व्हील ड्राइव्हचा.

तो रकाना वाचायला मजेचा होता. चौघींनाही चार चाकांची ताकद मिळते, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. सीआर-व्हीत मुख्य काम पुढची चाकं करतात. ती घसरायला लागल्याची चाहूल लागली की एक क्लच मागच्या चाकांना कामाला जुंपतो. आरएव्ही-४ हायब्रिडमध्ये पुढून मागे जाणारा दांडाच नाही, मागच्या चाकांसाठी विजेची वेगळी मोटर आहे. सुबारूच्या दोघींत इंजिनाची ताकद चारही चाकांकडे कायम जात असते. या कंपनीच्या ऑल व्हील ड्राइव्हची तर सुरुवातच बर्फातून झाली. जपानच्या ईशान्येला तोहोकू नावाचा हिमाळ प्रदेश आहे. तिथल्या वीज कंपनीच्या माणसांना तारा तपासायला डोंगरात जावं लागे. जीप वर चढायची, पण आत बसलेला माणूस गारठून जायचा. त्यांना जीपसारखी चढणारी आणि मोटारीसारखी ऊबदार गाडी हवी होती. त्या मागणीतून १९७२ मध्ये चार चाकांची ताकद असलेली लिओनी बाजारात आली. सुबारूच्या बिल्ल्यावर सहा तारे आहेत, एक मोठा आणि पाच लहान. त्या आपल्या कृत्तिका. कार्तिकातल्या संध्याकाळी त्या पूर्वेला वर येतात, आणि नेमक्या त्याच सुमारास इथे पहिला बर्फ पडतो.

हे सगळं खरं, पण ही हुशारी निघण्यापुरती. ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात, त्यासाठी कुणी जास्तीचे पैसे मोजत नाही. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर गाडी १३-१४ मीटरांत थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला ४० मीटरच्या आसपास लागतात आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर जवळजवळ १००. मधे फरक असतो तो फक्त रस्ता आणि टायर यांच्यातल्या घर्षणाचा. इंजिनाची ताकद त्यात काहीही करू शकत नाही. उलट चारही चाकं लीलया निघाली की चालवणाऱ्याला वाटतं, रस्ता बरा आहे. वेग वाढतो, आणि रस्ता कसा आहे ते पुढच्या चौकात कळतं. त्यातून ब्लॅक आइस असेल तर विचारूच नका. डांबरावरचा तो पातळ काचेसारखा थर दिसतच नाही, रस्ता नुसता ओला वाटतो.

घाटात गाडी शिकलेल्यांना यातलं अर्धं आधीच माहीत असतं. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा, ब्रेकवर विसंबू नका, हे आपल्याकडचा प्रत्येक ड्रायव्हिंगचा मास्तर सांगतो. बर्फातही तेच: पाय लवकर उचलायचा, गाडीला आपसूक मंदावू द्यायचं, पुढच्या गाडीपासून लांब राहायचं, स्टिअरिंगला हिसका द्यायचा नाही. उरलेलं अर्धं टायरचं.

क्वेबेकमध्ये त्यासाठी कायदा आहे. २००८ पासून इथे हिवाळ्यात विंटर टायर सक्तीचे आहेत. आता ही मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी असते. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण लागते. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर बाटलीतल्या खोबरेलासारखं थिजत जातं आणि रस्त्याला धरेनासं होतं. विंटर टायरचं रबर वेगळ्या मिश्रणाचं, कडाक्यातही मऊ राहणारं. त्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फ पकडतात. बर्फासाठी वेगळा टायर ही कल्पना फिनलंडच्या नोकियन कंपनीची. १९३४ मध्ये त्यांनी ट्रकसाठी बर्फाचा टायर काढला आणि दोन वर्षांनी मोटारींसाठी. हे ध्यानात घेतलं की मॉडेलची निवडही बदलते. सर्वांत महागड्या मॉडेलला मोठी, चकचकीत चाकं असतात. त्यांचे विंटर टायर महाग पडतात आणि टायरची भिंत कमी उंचीची असल्यामुळे मार्च-एप्रिलमधल्या खड्ड्यांत रिम वाकायची भीती. खालच्या मॉडेलची लहान चाकं इथे जास्त शहाणी. तक्त्यात त्यासाठी आम्ही आणखी एक रकाना वाढवला.

थांबण्याचं एवढं झालं, आता उभं राहण्याचं.

आम्ही राहतो पार्क एक्स्टेंशनमध्ये. घरांना बाहेरून लोखंडी जिने, खाली गॅरेज नाही, गाडी रस्त्यावर. उपनगरांत लोक दारापुढे पांढऱ्या कापडाचा तंबू ठोकून गाडी झाकतात. आमच्याकडे तेवढी जागाच नाही. बर्फ पडून गेला की आधी नगरपालिकेचा नांगर येतो आणि रस्ता मोकळा करताना सगळा बर्फ गाड्यांच्या कडेला लोटून जातो. रात्रभरात ती भिंत टणक होते. गाडीच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेचा, ग्राउंड क्लिअरन्सचा, खरा उपयोग इथे होतो. फॉरेस्टरची ही जागा २२ सेंटीमीटर आहे, क्रॉसट्रेकचीही तेवढीच. मग खांबांवर नारिंगी पाट्या लागतात: अमुक वेळात गाडी हलवा. न हलवणाऱ्यांसाठी टोइंगचा ट्रक भोंगा वाजवत गल्लीतून फिरतो. नव्याने आलेला माणूस त्या आवाजाने दचकून उठतो, जुना माणूस झोपेतच चपला शोधतो. पाठोपाठ बर्फ ओढून ट्रकांत भरणारी यंत्रं येतात. त्यातला बराचसा बर्फ सँ-मिशेलच्या जुन्या दगडखाणीत जातो, आणि तिथला मळकट डोंगर भर उन्हाळ्यातही शिल्लक असतो.

गाडी हलवायची तर आधी ती सापडली पाहिजे, म्हणजे बर्फ झाडणं आलं. काचा साफ करून भागत नाही. छतावरचा थर तसाच ठेवला तर ब्रेक लावताच तो घसरून पुढच्या काचेवर येतो किंवा उडून मागच्याच्या काचेवर आदळतो. तो काढल्याशिवाय निघणं इथे गुन्हा आहे. नवरा पहाटेच कामावर जातो, त्यामुळे आमच्या घरी झाडण्याचं काम माझं. माझी उंची पाच फुटांच्या जेमतेम वर.

म्हणून ऑगस्टच्या भर उकाड्यात मी शोरूममध्ये बर्फ झाडायचा ब्रश आणि लोकरीचे हातमोजे घेऊन गेले. सेल्समन इंजिनाबद्दल बोलत होता, मी फॉरेस्टरच्या बाजूला उभी राहून छताच्या मध्यापर्यंत ब्रश पोचतो का ते बघत होते. चवड्यांवर उभं राहूनही पोचेना. क्रॉसट्रेक सुमारे १३ सेंटीमीटर ठेंगणी. तिथे ब्रश पलीकडच्या कडेपर्यंत आरामात गेला. मग मोजे घालून आत बसले, हीटरची आणि मागची काच तापवायची बटणं चाचपून पाहिली, वायपरची दांडी फिरवली. सेल्समन आधी हसला, मग त्याने आपणहून पायाखालचं रबरी पायपुसणं उचलून दाखवलं. त्याच्या कडा उंच होत्या. बुटांवरून गळणारं मिठाचं पाणी त्यातच साठतं, खालच्या गालिच्यात मुरत नाही.

ते मीठ हा आणखी एक विषय. रस्त्यावर टाकलेलं मीठ बर्फ वितळवतं आणि जाता जाता पत्राही खातं. इथले लोक दर शरदात गाडीच्या पोटाला तेलाचा फवारा मारून घेतात. शोरूममध्ये मुलाची सीटही तपासायची होती. जाड कोटावरून पट्टे आवळले तर अपघातात कोट दबतो आणि पट्टे सैल पडतात. म्हणून मुलाला पातळ कपड्यांत बसवायचं आणि त्यासाठी गाडी आधीच तापलेली हवी. लांबून इंजिन सुरू करणारा रिमोट मला तोवर चैन वाटायचा, त्या दिवशी तो यादीत गरजेच्या बाजूला गेला.

आम्ही क्रॉसट्रेक घेतली, लहान चाकांची. मोठ्या गाडीचे वाचलेले पैसे वेगळ्या रिमांवर चढवलेल्या चार चांगल्या टायरांत गेले. डिकी लहान आहे, आई-बाबा आले की बॅगांची पंचाईत होणार, हे नवऱ्याने बजावून ठेवलं आहे आणि ते खरंच आहे. पण पाहुणे येतात उन्हाळ्यात. इथे नव्याने आलेली मराठी कुटुंबं हल्ली विचारतात, बर्फासाठी कुठली एसयूव्ही घ्यावी? नाव सांगण्याआधी मी एवढंच विचारते: छतावरचा बर्फ तुमच्या घरी कोण काढणार?