सोवळ्याच्या घरातील कृमी

माळव्यातील अमझेरा हे अमका-झमका देवीचे गाव. रुक्मिणीहरण याच देवळातून झाले, अशी तेथील लोकांची दृढ श्रद्धा आहे. १८५७ च्या उठावानंतर अमझेरा शिंद्यांच्या राज्यात गेले आणि त्यांच्या चाकरीनिमित्त आमचे पूर्वज तेथे स्थायिक झाले. त्या घरात आता माझ्या आत्याबाई राहतात. जन्मात अभक्ष्याला स्पर्श नाही. सोवळ्यावाचून स्वयंपाक नाही.

वर्षभर त्यांच्या उजव्या कुशीत जडपणा होता. एका डॉक्टरांनी यकृताचे गळू समजून सुईने पाणी काढावयाचे ठरविले. आधी सोनोग्राफी करावी, हे सुदैवाने माझ्या बंधूंना सुचले. इंदूरच्या तज्ज्ञांना पडद्यावर दिसली ती दुहेरी भिंतीची, स्वच्छ पाण्याने भरलेली आठ सेंटिमीटरांची गाठ. रक्तपरीक्षेनेही दुजोरा दिला : हायडॅटिड, म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमीची बाल्यावस्था. बेसावधपणे ती फुटती, तर पोटात नव्या गाठी रुजत्या, किंवा तीव्र ॲलर्जीने प्राणावर बेतते.

कृमीचे नाव ऐकताच आत्याबाईंनी अन्न टाकले. "मी असे काय रे खाल्ले?" हा एकच प्रश्न, शेजारणींच्या नजरेतही तोच. वास्तविक मांस खाल्ल्याने माणसास हा रोग होत नाही. गाठी असलेले शेळ्यामेंढ्यांचे यकृत कुत्रा खातो. मग कृमीची अंडी त्याच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात, भाजीवर, त्याच्या केसांवरही जातात व तेथून आपल्या तोंडी. आत्याबाई तर रोज दाराशी येणाऱ्या कुत्र्याला पोळी घालून त्याच्या पाठीवरून हात फिरवीत! डॉक्टरांनी हे समजाविले, तेव्हा त्या रडल्या. रोगापेक्षा बाटच त्यांना जड झाला होता.

अल्बेंडाझोल स्निग्ध अन्नाबरोबर अधिक शोषले जाते. म्हणून एकादशीलाही तूप घातलेली खिचडी खावी की नाही, यावर दोन दिवस वाद झाला. तूप जिंकले. गोळ्या सुरू केल्यावर, ॲलर्जीवरील औषधे हाताशी ठेवून, सोनोग्राफीच्या नजरेखाली सुई घातली गेली. पाणी काढून, कृमिनाशक द्रव सोडून तोही परत ओढला. सुई तीच, पण गाठ ओळखून घातलेली. आत पिल्लगाठी असत्या तर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागती. आणि चुना साचून निवलेल्या गाठीवर पुष्कळदा नुसती नजर ठेवणे पुरते.

कुत्रा अजून येतो. पशुवैद्यांनी दिलेली कृमीची गोळी दर सहा आठवड्यांनी पोळीत घालून आत्याबाई त्याला देतात, आणि कोपरापर्यंत हात धुऊन मगच देवघरात जातात.