चहा किती सांगायचा?

"मॅडम, चहा किती सांगायचा?" आमच्या विभागातल्या मामांनी सकाळी सव्वानऊला विचारलं आणि मी गडबडले. चर्चासत्राच्या बीजभाषणाचे पाहुणे पुण्याहून आदल्या रात्रीच येऊन उतरले होते, कार्यक्रमपत्रिका तीनदा तपासून झाली होती, समईत तेलसुद्धा घातलं होतं. माणसं किती येणार, हे मात्र मला अजिबात ठाऊक नव्हतं. मी ठोकून दिलं, "शंभर." मामांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत आणि साठच सांगून आले. त्यातलेही उरले.

मी मूळची जळगावची. धुळ्याकडे निघालं की गिरणेचा पूल ओलांडताच बांभोरीला विद्यापीठ लागतं. तिथं पॉलिमर केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, पुढं पुण्यात पीएच.डी. झाली आणि नोकरी लागली धुळ्यात. रुजू होऊन वर्ष व्हायच्या आत विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं, "तुम्ही नवीन आहात, उत्साही आहात." हे दोन शब्द एका वाक्यात आले की पुढं काम असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काम असं, की खानदेशातल्या पॉलिमरवाल्यांना वर्षातून दोनदा एकत्र आणायचं, एकदा धुळ्यात, एकदा जळगावात. देशपातळीवरच्या परिषदा पुण्या-दिल्लीकडे होतात. आपल्या पोरांना तिकडं जाणं परवडत नाही, तर आपणच इथं काहीतरी सुरू करू, असा त्यांचा विचार. विचारात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं.

मी वही काढून खानदेशातल्या पॉलिमर शास्त्रज्ञांची यादी करायला बसले. विद्यापीठातले, महाविद्यालयांतले, शिरपूरकडचे, संशोधन करणारे विद्यार्थी असे सगळे धरून यादी एकोणीसवर अडली. मग मी रसायनशास्त्राचे सरसकट सगळेच प्राध्यापक घातले. तरी पोट भरेना, म्हणून तृतीय वर्षाचा वर्ग घातला. पोरांना हजेरी आणि प्रमाणपत्र दिलं की पोरं येतात.

फलक मराठीत असावा हा माझा हट्ट होता. पॉलिमरला विश्वकोशात 'बहुवारिक' हा शब्द आहे. एकच रेणू साखळीत पुन्हा पुन्हा जोडत गेलं की बहुवारिक तयार होतं, इतका तो नेटका. मी मोठ्या अक्षरात 'बहुवारिक विज्ञान चर्चासत्र' लिहवून घेतलं. फलक बांधणारा पोरगा शिडीवरून खाली बघत म्हणाला, "मॅडम, हाई काय शे? बहु वारी करणारे का?" मुक्ताईनगरहून दरवर्षी मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. त्या मुलखात हा प्रश्न मुळीच चुकीचा नव्हता. दिवसभरात आणखी तिघांनी मला हेच विचारलं, त्यातले एक प्राध्यापक होते. शेवटी आम्ही बॉलपेननं खाली 'पॉलिमर' असं लिहिलं.

पहिल्या चर्चासत्राचं काय सांगावं? दहाची वेळ, सुरुवात पावणेअकराला. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय. शाल कोणी द्यायची, श्रीफळ कोणी, स्मृतिचिन्ह कोणी, यावर आदल्या दिवशी दोन तास बैठक झाली होती. बीजभाषणावर इतका वेळ कोणी घालवला नव्हता. प्लास्टिकला फाटा म्हणून पाहुण्यांना कापडी पिशव्या द्यायचं ठरलं. मार्च २०१८च्या राज्याच्या बंदीपासून असल्या गोष्टींची जाण ठेवावीच लागते. दुकानदारानं हिरव्या, मऊ, कापडासारख्याच दिसणाऱ्या पिशव्या दिल्या. पाहुण्यांनी व्यासपीठावरच एक पिशवी बोटांनी चोळून पाहिली आणि माइकवर म्हणाले, "नॉनवोव्हन पॉलिप्रॉपिलीन. छान." हसावं की नाही, हे सभागृहाला ठरवता आलं नाही. मागचा फ्लेक्सही पीव्हीसीचा होता, ते त्यांनी दयेनं सोडून दिलं.

भाषण उत्तम होतं. त्यांनी हरमान श्टाउडिंगरपासून सुरुवात केली. रबर, सेल्युलोज म्हणजे लहान रेणूंचे घोळके नाहीत, हजारो कड्यांच्या अखंड साखळ्या आहेत, हे त्यानं १९२० साली मांडलं. १९२६ साली ड्युसेलडॉर्फच्या सभेत नामांकित रसायनशास्त्रज्ञ एकामागून एक त्याच्या विरोधात उभे राहिले. त्याला नोबेल मिळालं १९५३ साली. म्हणजे या विषयाचा जन्मच मुळी एका भांडणाऱ्या चर्चासत्रात पक्का झाला. मी पहिल्या रांगेतून मागं वळून पाहिलं. आमच्या सभागृहात भांडण तर सोडाच, तिसऱ्या रांगेत एक जण झोपला होता. प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटं ठेवली होती. एक प्रश्न आला, आणि तोही मी आदल्या दिवशी एका विद्यार्थिनीला पढवून ठेवलेला.

उद्योगातली माणसं हवीत म्हणून जळगाव एमआयडीसीतल्या पंचवीस जणांना निमंत्रण दिलं होतं. आले चार. चहा झाल्यावर त्यातले तीन निघून गेले. चौथे नाना. साठीच्या आसपासचे, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. जळगावात त्यांचं प्लास्टिकच्या चटया विणायचं छोटं युनिट आहे. जेवणाच्या रांगेत, वरण-बट्टीची ताटली हातात धरून ते मला म्हणाले, "ताई, एक विचारू? सकाळी सकाळी माझी काडी तुटते. उन्हाळ्यात नाही तुटत. दाणा तोच, मशीन तेच. आज कोणी त्यावर बोलणार आहे का?"

कोणी बोलणार नव्हतं. दुपारच्या सत्रात ग्राफीन होतं.

मला काही सुचेना म्हणून मी म्हटलं, "नाना, मी येऊन बघते." ते हसले. असं म्हणणारे पुष्कळ भेटले असावेत.

पुढच्या रविवारी धुळ्याहून एसटीनं निघाले. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, आणि मग बांभोरी. या रस्त्यावरून मी शेकडो वेळा गेले असेन, पण आजूबाजूला काय आहे ते या खेपेस पहिल्यांदा मोजलं. शेतातून काळ्या ठिबकच्या नळ्या, केळीच्या घडांवर चढवलेल्या पिशव्या, ट्रॅक्टरवर निळ्या-करड्या पाइपांचे भारे. बांभोरीलाच जैन उद्योगाचा प्लास्टिक पार्क. वाकोदचे भवरलाल जैन १९६३ साली हातगाडीवरून रॉकेल विकत होते. १९७८ साली त्यांनी केळीच्या भुकटीचा कारखाना विकत घेऊन पपईच्या चिकापासून पपेन काढलं, १९८० साली पीव्हीसी पाइपात उतरले, आणि पुढं ठिबक. या जिल्ह्यात केळीपासून प्लास्टिकपर्यंतचा रस्ता एका माणसाच्या आयुष्यात झाला आहे. आणि कापूस? तो तर नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज, म्हणजे झाडावर उगवलेलं पॉलिमर. एवढ्या मुलखात मी शास्त्रज्ञ शोधले ते फक्त स्टाफ रूममध्ये. एकोणीसवर यादी अडणारच.

नानांच्या शेडमध्ये शिरलं की आधी वास येतो, वितळलेल्या दाण्याचा, जरासा मेणासारखा. काम बघायला सोपं आहे. जुन्या मालापासून केलेला रंगीत दाणा वर हॉपरमध्ये पडतो, एक्स्ट्रुडरच्या बॅरलमध्ये दोनशे अंशांच्या वर वितळतो, जाळीतून गाळून निघतो आणि डायच्या भोकांतून शेवयांसारखा बाहेर येतो. ती पोकळ काडी लगेच गार पाण्याच्या टाकीत बुडी घेते. मग तिला पुन्हा ऊब देऊन ताणतात. पुढचे रोल मागच्या रोलपेक्षा कितीतरी वेगानं फिरतात, काडी बारीक आणि चिवट होते. मग ती मागावर जाते.

हे सगळं मी पाठ्यपुस्तकात शिकले आहे. ताणताना साखळ्या एका दिशेनं लागतात, म्हणून चिवटपणा येतो. परीक्षेत यावर मी दहापैकी नऊ गुण मिळवले होते. पण ती काडी सकाळी का तुटते, ते मला तिथं उभं राहून सांगता येईना. नानांची खात्री होती की दाण्यात भेसळ आहे. त्यांनी तीन व्यापारी बदलले होते.

मशीनवर पारोळ्याकडचा एक पोरगा होता. आम्ही दोघं बोलत असताना तो टाकीत हात घालून उभा. मी सहज त्याला विचारलं, "तुला काय वाटतं रे?" त्यानं आधी नानांकडे पाहिलं, मग म्हणाला, "पानी थंडं ऱ्हास ना सकायले, म्हनीसन तुटस." पहिला तासभर तो मशीन मुद्दाम हळू चालवायचा. टाकी कोमट झाली की वेग वाढवायचा. नानांना वाटायचं, पोरगं आळशी आहे.

मग माझं डोकं चालू झालं. धुळे-जळगावची थंडी हलकी नाही; डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. रात्रभर उघड्या टाकीतलं पाणी गारठतं, काडी त्यातून गार होऊन पुढं जाते आणि ताणाच्या जागी तिला पुरेशी ऊब मिळेपर्यंत रोल तिला ओढायला लागलेले असतात. साखळ्यांना सरकायला ऊब हवी. ती नसेल तर साखळ्या सरकत नाहीत, काडी तुटते. डायलवर आकडा बरोबर दिसतो, पण तो हवेचा, काडीचा नाही. दाण्याचाही थोडा दोष होताच. पॉलिप्रॉपिलीनच्या कण्यात एकाआड एका कार्बनवरचा हायड्रोजन जरा सैल असतो, त्यामुळं माल जितक्यांदा वितळवाल तितक्यांदा साखळी तुटून आखूड होत जाते. आखूड साखळीला ताण कमी सोसतो. म्हणजे नाना थोडे बरोबर, पोरगा जास्त बरोबर, आणि मी दोघांचं ऐकून मग बरोबर.

दुसरं चर्चासत्र जळगावात घेतलं. या खेपेला व्यासपीठ नाही, शाल नाही. टेबलं जोडून गोल बसायचं आणि प्रत्येकानं तुटलेली, चिरलेली, रंग उडालेली एक वस्तू आणायची. एका प्राध्यापकांनी आपल्या प्रयोगशाळेत तीन दाण्यांचा मेल्ट फ्लो मोजून आणला, जुना दाणा नव्यापेक्षा किती सैल वाहतो ते आकड्यांत दाखवलं. नानांनी पोराला सोबत आणलं होतं. त्यानं उभं राहून टाकीचं सांगितलं, आणि पाइपवाले एक गृहस्थ म्हणाले, असं काही नसतं, दोष डायचाच. मग जे सुरू झालं ते पाऊण तास चाललं. मला ड्युसेलडॉर्फ आठवलं. आवाजापुरतं तरी.

सगळं छान झालं असं मात्र नाही. संशोधक विद्यार्थ्यांना आपलं काम मांडायला वेळच उरला नाही, आणि त्यांचं रुसणं रास्त होतं. एक ज्येष्ठ सर अध्यक्षपद नाही म्हटल्यावर आलेच नाहीत. महाविद्यालयाला अहवालासाठी जिओटॅगचे फोटो लागतात. आमच्याकडे होते ते सगळे टेबलावर वाकलेल्या पाठींचे. एकाही फोटोत चेहरा नाही. अहवाल परत आला. मी फोटो काढण्यासाठी सगळ्यांना पुन्हा बोलवावं, असंही एकानं सुचवलं. आणि चहा कमी पडला. मी चाळीस सांगितला होता.

तिसरं धुळ्यात, ठिबक आणि मल्चिंगवर, म्हणजे वावरात अंथरायच्या प्लास्टिकच्या फिल्मवर. तापीकाठचे शेतकरी आले, दोन विक्रेते आले. नळी काळीच का, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत सुटला. दोन-अडीच टक्के काजळी घातली की ती ऊन अडवते आणि नळी टिकते. माझ्या विद्यार्थिनीनं ते फळ्यावर इतकं सोपं करून मांडलं की मला हेवा वाटला. मग शिरपूरकडचे एक आप्पा उठले. खताचं एक पोतं त्यांनी टेबलावर पालथं केलं. टरबुजाच्या वावरातून वेचलेल्या मल्चिंगच्या चिंध्या, माती लागलेल्या, पंचवीस मायक्रॉनच्या. "लावताना सगळे शिकवतात," आप्पा म्हणाले. "काढायचं कसं ते सांगा. हात लावला की फाटतं, नांगर घातला की मातीत जातं."

कोणी म्हणालं जाड फिल्म वापरा. आप्पांनी भाव विचारला. कोणी विघटनशील फिल्मचं नाव काढलं. आप्पांनी पुन्हा भाव विचारला. ती किती दिवसांत विरते, आमच्या काळ्या जमिनीत आणि आमच्या उन्हात, हे त्यांनी विचारल्यावर आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. नाना कोपऱ्यात बसून एक चिंधी दोन बोटांत ताणून बघत होते. आप्पा शेवटची गाडी गाठायला निघाले. पोतं तिथंच राहिलं.

ते आता माझ्या प्रयोगशाळेत, टेबलाखाली आहे. चिंध्या मी धुऊन, वाळवून, वावराप्रमाणं वेगळ्या करते आहे. एका विद्यार्थ्यानं दोन कुंड्यांत माती भरून विरणाऱ्या फिल्मचे तुकडे पुरले आहेत आणि दर शनिवारी उकरून बघतो. अजून तरी ते जसेच्या तसे आहेत. मामा आठवड्यातून एकदा झाडू घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, हे पोतं टाकू का?"

"राहू द्या मामा. जानेवारीत लागणार आहे."

"मग चहाचं आत्ताच सांगून ठेवा."